दगडी पाला आणि दाबून धरलेलं बोट

लहानपणी बांधावर गवत कापताना विळा बोटाला लागला, की अम्मी दगडी पाल्याची चार पानं तळहातावर चुरगाळायची, रस जखमेवर पिळायची आणि बोट घट्ट दाबून धरायची. थोड्या वेळानं रक्त थांबायचं. श्रेय मात्र सगळं पाल्याला!

एकदांडी, कंबरमोडी याही नावांनी ओळखली जाणारी ही वनस्पती मूळची उष्ण प्रदेशातल्या अमेरिकेची. आपल्या माळावर मात्र ती घरचीच झाली. तिच्या रसानं रक्त लवकर गोठतं, काही जंतूंची वाढ रोखली जाते, असं प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत दिसलं आहे. हळदीचे गुणही आपल्याला जुनेच ठाऊक. म्हणून तर जखमेवरच्या हळदीचं अमेरिकेनं १९९५ मध्ये दिलेलं पेटंट, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं जुने पुरावे मांडल्यावर १९९७ मध्ये रद्द झालं.

पण श्रोतेहो, पेटंटची लढाई जिंकली म्हणून डब्यातली हळद निर्जंतुक होत नाही. बांधावरच्या पानाला माती असते आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. म्हणून किरकोळ जखम आधी स्वच्छ वाहत्या पाण्यानं धुवा. रक्त भळभळत असेल तर धुण्यात वेळ न घालवता स्वच्छ कापडानं दाबा. दहा मिनिटं उचलून पाहू नका. तरीही थांबलं नाही, किंवा जखम खोल, मातीनं भरलेली असली, तर थेट दवाखाना गाठा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

आज वाटतं, अम्मीचं खरं औषध पाल्यापेक्षा तिच्या दाबून धरलेल्या बोटांत होतं.