नोंद नसणे आणि नोंद कोरी असणे

पायथन भाषेतील ‘डिक्शनरी’ ही किल्ली आणि मूल्य यांच्या जोड्या सांभाळणारी रचना होय. किल्ली सांगावी आणि तिच्या नावे दाखल असलेले मूल्य घ्यावे, इतका तिचा व्यवहार सरळ असला, तरी मागितलेली किल्लीच दप्तरी नसेल तेव्हा काय करावे, याविषयी काही गैरसमज रूढ आहेत.

गैरसमज : चौकटी कंसाने मूल्य मागणे सदैव धोक्याचे.
वस्तुस्थिती : किल्ली नसल्यास ‘कीएरर’ येऊन आज्ञावली थांबते, हे खरे, परंतु वेतनपत्रकात कर्मचाऱ्याच्या मूळ पगाराची नोंद असणे जिथे अनिवार्य आहे, तिथे शून्य गृहीत धरून चुकीची रक्कम अदा करण्यापेक्षा जागच्या जागी थांबणेच श्रेयस्कर.

गैरसमज : ‘गेट’ वापरले की चिंता मिटली.
वस्तुस्थिती : ‘गेट’ गैरहजर किल्लीबद्दल तक्रार न करता ‘नन’ परत देते, पण ‘नन’ हे मूल्य म्हणून दाखल करण्याचीही मुभा असल्यामुळे, नोंद मुळातच नाही की आहे पण कोरी आहे, याचा उलगडा त्या उत्तरातून होत नाही. तो हवा असेल, तर ‘इन’ने किल्लीचे अस्तित्व तपासावे लागते.

गैरसमज : ‘गेट’ला पर्यायी मूल्य देणे आणि त्याच्यापुढे ‘ऑर’ लावणे एकच.
वस्तुस्थिती : पर्यायी मूल्य केवळ किल्ली नसतानाच मिळते, ‘ऑर’ मात्र 0 आणि रिकामी स्ट्रिंग यांनाही असत्य मानून बाजूला सारतो, आणि ज्याची सवलत खरोखरच 0 टक्के नोंदलेली आहे त्याला बिनदिक्कत पर्यायी 10 टक्के बहाल करतो.

गैरसमज : 2006 साली पायथन 2.5 मध्ये आलेला, गैरहजर किल्लीला ठरवून दिलेले आरंभमूल्य देणारा ‘डिफॉल्टडिक्ट’ शोध घेताना संग्रहाला धक्का लावत नाही.
वस्तुस्थिती : चौकटी कंसाने नुसती विचारणा केली, तरी तो गैरहजर किल्लीची नवी नोंद करून ठेवतो, आणि मागाहून नोंदींची मोजदाद फुगलेली दिसते. त्याच संग्रहावर ‘गेट’ चालवले, तर नोंदही होत नाही आणि ठरवून दिलेले आरंभमूल्यही मिळत नाही. हाती ‘नन’ येते.

तेव्हा किल्ली नसण्याचा अर्थ काय, याचा निवाडा साधन निवडण्यापूर्वीच करावा : ती चूक असेल तर चौकटी कंस, नित्याची बाब असेल तर पर्यायी मूल्यासह ‘गेट’, आणि नव्या नोंदीचा आरंभ असेल तर ‘डिफॉल्टडिक्ट’.