फेट्याच्या घड्या आणि डी-१६३

संपादकांनी विषय दिला तो ‘कृष्णधवल छायाचित्रणाचा आढावा’ असा ऐसपैस. त्यातलं कॅमेऱ्यांचं पुराण दर दिवाळीला कोणी ना कोणी लावतंच, लेन्सवर लिहिणाऱ्यांचीही वाण नाही. मी कागदाच्या डेव्हलपरवर लिहिणार आहे. फोटो कॅमेऱ्यात निघतो तितकाच ट्रेमध्ये निघतो, आणि आमच्या बीड जिल्ह्यात तर तो ट्रेमध्येच जास्त निघायचा.

इतिहास झटपट उरकतो. बीड हैदराबाद संस्थानात होतं त्या काळी निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ अल्ब्युमेन कागदावर छापत. तो कागद उन्हातच उमटायचा, त्याला डेव्हलपर लागत नसे. हायड्रोक्विनोन १८८० साली आलं, मेटॉल आणि अमिडॉल १८९१च्या सुमारास. बेकेलाइटवाल्या बेकलंडनं आपला व्हेलॉक्स कागद १८९९मध्ये ईस्टमनला विकला. १९४०मध्ये इल्फर्डच्या प्रयोगशाळेत फेनिडोन हाती लागलं. एवढ्या भांडवलावर पुढची सगळी दुनिया चालली. बाजारात नावं पन्नास असतील, पण बहुतेकांत डबे तेच. मापं तेवढी कमी-जास्त.

त्यात दोन मापं पाठ असली की काम भागतं. कोडॅकचा डी-७२ म्हणजे लिटरला मेटॉल ३ ग्रॅम, सल्फाइट ४५, हायड्रोक्विनोन १२, निर्जल कार्बोनेट ६८ आणि ब्रोमाइड १.९, वापरताना एकास दोन पाणी. डी-१६३ म्हणजे मेटॉल २.२, सल्फाइट ७५, हायड्रोक्विनोन १७, कार्बोनेट ६५, ब्रोमाइड २.८, एकास तीन पाणी. आमच्याकडे चलती डी-१६३ची. सल्फाइट भरपूर असल्यानं तो टिकायचा, आणि ब्रोमाइड जास्त असल्यानं जुना, थोडा धुरकटलेला कागदसुद्धा स्वच्छ पांढरा निघायचा. एसटीच्या टपावरून उन्हात तापत आलेल्या कागदाच्या पाकिटाला असाच डेव्हलपर लागतो.

इथंच माझं काही जाणकारांशी वाजतं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: ‘काँट्रास्ट बदलायचा तर कागद बदला, डेव्हलपरशी खेळू नका.’ वाक्य बिनचूक आहे, पण ते ज्यांच्या कपाटात एक ते पाच नंबरचे सगळे कागद रचून ठेवलेले असतात त्यांच्यासाठी. आम्हाला औरंगाबादहून येईल तो कागद. कधी नॉर्मल, कधी हार्ड. कधी आग्फाचा ब्रोव्हिरा, कधी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’. १९६० साली स्थापन झालेल्या आणि १९६७पासून माल काढणाऱ्या त्या सरकारी कारखान्यानं तालुक्याच्या गावांतल्या किती स्टुडिओंना जगवलं, हे कोणी लिहीत नाही. आज तो बंद आहे. पण सांगायचा मुद्दा असा, की हार्ड कागदाचं एकच पाकीट घरात आणि समोर गिऱ्हाईक, अशा वेळी डेव्हलपरशी खेळण्यावाचून गत्यंतर नसे.

आणि गिऱ्हाईक कोण? शिरूर कासार नाहीतर पाटोद्याकडचा शेतकरी. उन्हानं रापलेला चेहरा, त्यावर पांढराशुभ्र फेटा, अंगात पांढरी बंडी. दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्याला निघणारी जोडपी यायची, तांड्यावरच्या आरसे लावलेल्या कांचोळीतल्या बाया यायच्या. या निगेटिव्हवर हार्ड कागद आणि ताजा, कडक डेव्हलपर लावा: फेटा म्हणजे चुन्याचा सपाट ठिपका, आणि चेहरा काळा ठिक्कर. फेटा सांभाळायला एक्स्पोजर वाढवलं तर चेहऱ्याचं पार कोळशात रूपांतर. पुष्कळ स्टुडिओवाले मग चेहऱ्यावर निगेटिव्हमध्येच पेन्सिल घासत आणि माणूस गोरा करून देत. गिऱ्हाईक खूश व्हायचं, पण घरी भिंतीवर कोणा भलत्याचाच फोटो लागायचा.

यावरचा तोडगा म्हणजे दोन द्रावणांचा डेव्हलपर, आणि त्याची वकिली मी आयुष्यभर केली. मेटॉल आणि हायड्रोक्विनोन ही बैलजोडी आहे. मेटॉल चपळ, चित्र लवकर वर आणतं आणि उजेडाच्या भागातले बारकावे राखतं. हायड्रोक्विनोन सावकाश उठतं, पण काळा रंग ओढायचा तो त्यानंच. तयार पाकिटात दोघांना एकाच जुवाला जुंपलेलं असतं. बिअर्सच्या जुन्या कृतीत दोघं वेगळे ठेवतात: ‘अ’ द्रावणात लिटरला ८ ग्रॅम मेटॉल, ‘ब’ द्रावणात ८ ग्रॅम हायड्रोक्विनोन, आणि दोन्हींत आपापलं सल्फाइट, कार्बोनेट, ब्रोमाइड. अगदी सौम्य काम हवं तर ‘अ’चे ८ भाग आणि पाण्याचे ८. अगदी कडक हवं तर ‘अ’चे २ आणि ‘ब’चे १४. मधे पाच पायऱ्या. एवढं करून कागदाचा साधारण एक नंबर इकडचा तिकडे होतो. ‘एवढंच?’ असं विचारणारे पुष्कळ भेटले. फेट्याच्या घड्या दिसणं आणि न दिसणं यात अंतर एका नंबराचंच असतं.

मी पुढं दोन ट्रेच मांडू लागलो. पहिल्यात निव्वळ मेटॉलचं द्रावण. लाल दिव्याखाली कागद हलवत राहायचं. आधी मिशा येतात, मग डोळ्यांच्या कडा, मग कपाळावरच्या आठ्या, आणि सगळ्यात शेवटी फेट्याचा एकेक पीळ करड्या रेघेनं उघडत जातो. शेवटचा पीळ दिसला की चिमट्यानं उचलायचा, निथळू द्यायचा आणि दुसऱ्या, कडक ट्रेमध्ये सोडायचा. तिथं बाहुल्या आणि बंडीच्या गुंड्यांखालची सावली काळी होईस्तोवर ठेवायचा. चेहरा रापलेलाच राहतो, पण त्यात गाल, हनुवटी, सुरकुती सगळं असतं. अमेरिकेत अॅन्सेल अॅडम्स सिलेक्टॉल-सॉफ्ट आणि डेक्टॉल ही जोडी याच हिशेबानं वापरत. तेव्हा ही खेडवळ कसरत आहे असं हिणवणाऱ्यांनी जरा जपून बोलावं.

अमिडॉलच्या भक्तांबद्दल थोडक्यात. एडवर्ड वेस्टन ते वापरत, म्हणून ते थोर, असा त्यांचा युक्तिवाद. काळा रंग सुरेख येतो, मान्य. पण द्रावण त्याच दिवशी संपवावं लागतं, भाव परवडत नाही आणि नखं काळी होतात ती वेगळीच. ग्लायसिनवाल्या अॅन्स्को १३०चंही साधारण तेच: चीज उत्तम, पण गेवराईत मिळणार कुठं? कॉफी आणि धुण्याच्या सोड्याच्या डेव्हलपरचं हल्ली फार कौतुक ऐकतो. शाळेतल्या मुलांना दाखवायला तो ठीक आहे.

मल्टिग्रेड कागद आला तेव्हा अनेकांनी मला सुनावलं, आता तुमचे दोन ट्रे भंगारात काढा. फिल्टर बदलला की नंबर बदलतो, हे खरंच सोयीचं आहे. पण हे सांगणाऱ्यांच्या घरी वीज धड असते. आमच्याकडे संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडायचं आणि एनलार्जरचा दिवा पिवळा व्हायचा. साध्या कागदावर त्यानं फक्त एक्स्पोजर चुकतं. मल्टिग्रेडवर पिवळा उजेड काँट्रास्टही खाली आणतो. एकाच निगेटिव्हचे सहाचे आणि आठचे फोटो दोन वेगळ्या माणसांचे वाटायचे. ट्रेमधला ‘ब’ मात्र महावितरणवर अवलंबून नव्हता.

आता पाणी. डेव्हलपर कुठला, हे विचारायच्या आधी पाणी कुठलं, हे विचारा. आमचं बोअरचं पाणी काळ्या पाषाणातलं, जड. त्यात सल्फाइट, कार्बोनेट पडलं की द्रावण दुधाळ होतं, तळाला पांढरा साका बसतो आणि तो कागदाला चिकटून वाळल्यावर खरखरतो. पाणी उकळून, निववून, कापडानं गाळा. किंवा लिटरला एक-दोन ग्रॅम सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट सगळ्यात आधी टाका. मी पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी धरायचो. मृगाच्या पहिल्या सरी पत्रा धुवायला सोडायच्या, पुढचं पाणी कॅनमध्ये. मेटॉल मात्र चिमूटभर सल्फाइटनंतर लगेच विरघळवा. सगळं सल्फाइट आधी पडलं, तर मेटॉल रुसतं.

धुण्याचं गणित उलटं. किंचित खारं, जड पाणी कागदातून हायपो, म्हणजे फिक्सरचं मीठ, लवकर काढतं. डिस्टिल्ड पाण्यापेक्षा चांगलं. जाड कागद तासभर नळाखाली ठेवा, हा पुस्तकी सल्ला १९७२च्या किंवा २०१६च्या दुष्काळात कोणी देऊन दाखवावा. २०१६मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ताज्या, तेज फिक्सरमध्ये थोडा वेळ, मग दोन टक्के सल्फाइटच्या पाण्यात दहा मिनिटं, मग ट्रेमधलं पाणी काही वेळा बदलणं, एवढ्यात निभावतं. हायपोवर याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

तापमानाचं मात्र आहे. पुस्तकांत वीस अंश लिहिलेले असतात, वैशाखात आमचा ट्रे बत्तिशीला टेकायचा. चित्र अर्ध्या मिनिटात धाडकन येतं, पोरगं घाबरून कागद ओढून काढतं, आणि काळ्याच्या जागी चिखल. अशा वेळी ओल्या गोणपाटावर ट्रे, माठाचं पाणी, जरा जास्त ब्रोमाइड, फिक्सरमध्ये तुरटी, आणि काम पहाटे चारला. पौषात उलटी रड. तेरा अंशांच्या खाली हायड्रोक्विनोन जवळपास निजतं. जोडीतला एक बैलच खाली बसतो. फोटो मिळमिळीत येतात आणि बोल कागदाला लागतो.

२००५ साली कोडॅकनं कृष्णधवल कागद बंद केला, आग्फाचं दिवाळं निघालं, आणि आमच्यातल्या बहुतेकांनी डार्करूममध्ये झेरॉक्स मशीन बसवलं. त्याचं दुःख नाही, पोट आहे. दुःख याचं, की काचेच्या निगेटिव्ह गरम पाण्यात धुऊन त्या काचा देवादिकांच्या तसबिरींना लावल्या गेल्या. एका पिढीचे चेहरे गटारात गेले. आता मोबाइलमध्ये एक बटण दाबलं की ‘जुना लुक’ येतो. त्यात फेटा पुन्हा सपाट पांढरा असतो आणि चेहरा गोरा. म्हणजे पेन्सिल घासणारे शेवटी जिंकलेच.

तरीही अधूनमधून एखादा मुलगा विचारायला येतो. इल्फर्डचा मल्टिग्रेड, फोमाचा कागद अजून निघतो, कुरिअरनं घरपोच येतो. मेटॉल, हायड्रोक्विनोन प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्यांकडे मिळतं. तेव्हा निकाल सांगून टाकतो. सुरुवात डी-१६३नं करा, घरी वजन करून. वर्षभर तोच वापरा, दुसऱ्याचं नाव काढू नका. तो हाताला बसला की ‘अ’ आणि ‘ब’ वेगळे करा. सल्फाइटचा डबा घट्ट लावा, हवेनं ते निकामी होतं. मेटॉलमध्ये उघडा हात घालू नका, खाज आयुष्यभर पुरते. आणि छापायला काय घ्यावं असा प्रश्न असेल, तर आधी गावातल्या बंद स्टुडिओच्या माळ्यावर चढा आणि तिथल्या काचा कोणी धुवायच्या आत खाली आणा.