‘पार्ट टाइम’ गोठा: पण टाइम कुणाचा?

मुख्य सर्व्हेच्या आधी आपण जो छोटा चाचणी सर्व्हे करतो, त्यातला माझा पहिलाच फॉर्म बाद झाला. गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातलं. घरात दोन संकरित गाई, मालक एमआयडीसीत कामाला. माझा प्रश्न होता, ‘गोठ्याचं काम कोण करतं?’ ते म्हणाले, “मीच करतो की. नोकरी सांभाळून, पार्ट टाइम.” मी त्यांच्या नावापुढे ‘रोज 4 तास’ लिहिलं आणि निघालो.

रात्री फॉर्म तपासताना लक्षात आलं की याच माणसाने आधीच्या पानावर ‘सध्या सेकंड शिफ्ट’ असं सांगितलंय. सेकंड शिफ्ट म्हणजे दुपारी तीन ते रात्री अकरा. संध्याकाळची धार निघते साडेपाच-सहाला. मग ती काढतं कोण?

दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि दुधाच्या स्लिपा मागितल्या. संकलन केंद्रावर मिळणारी ही चिठ्ठी तुम्ही पाहिली असेल: तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. खातं मालकाच्या नावावर, पण संध्याकाळच्या स्लिपा एकही दिवस न चुकता होत्या. वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, “मी काय करतीय, हाय आपली घरातच.” बोलताना त्या कुट्टीच्या मशीनमध्ये गवत सारत होत्या.

दोघंही खोटं बोलत नव्हते. चूक प्रश्नात होती. ‘काम कोण करतं’ हा प्रश्न गावात ‘गोठा कुणाचा’ असा ऐकला जातो. खातं ज्याचं, बिल ज्याच्या नावावर, त्याचंच काम.

आता तुम्ही म्हणाल, नाव कुणाचंही असो, तास तर तेवढेच. फरक काय पडतो? तर ‘दोन गाईंचा जोडधंदा परवडतो का’ या प्रश्नाचं उत्तरच त्याने बदलतं. एक हिशेब मांडू. आकडे गृहीत आहेत, फक्त पद्धत बघा. दोन्ही गाई दुधात, मिळून रोज 16 लिटर. 1 लिटर घरी, 15 डेअरीला, दर 30 रुपये. आले 450. पेंड 8 किलो, 30 रुपये दराने 240. विकतचा कडबा 60, औषध-रेतन वगैरे 20. गेले 320. हातात 130. घरचं दूध डेअरीच्याच दराने 30 आणि शेणखताचे 40 धरले तर 200.

आता श्रम. सकाळी पाच ते सात झाडलोट आणि धार, अकरा ते एक वैरण, संध्याकाळी परत दोन तास. एकूण 6 तास. गावातली मजुरी तासाला 40 रुपये समजा, म्हणजे 240. दोनशेतून ते वजा केले की उरले उणे 40. मालकाच्या लेखी रोज 200 सुटतात, आपल्या लेखी धंदा तोट्यात. एमएसपीच्या चर्चेत ‘ए2 अधिक एफएल’ हा शब्दप्रयोग तुम्ही वाचला असेल. त्यातलं ‘एफएल’ म्हणजे हीच घरच्या माणसांच्या श्रमाची गृहीत धरलेली किंमत. (दुधाला एमएसपी नाही, हा वेगळाच विषय. आज नको.)

पण सगळ्या तासांना सरसकट मजुरी लावणं मला पटत नाही. पहाटे पाचला गावात कोण कुणाला मजुरीवर बोलावतं? त्या दोन तासांना बाजारात गिऱ्हाईकच नाही, आणि अर्धवेळ गोठा टिकतो तो नेमका याच विना-गिऱ्हाईक तासांवर. अकरा ते एक मात्र तसं नाही. त्याच वेळेत खुरपणीला गेलं तर पैसे मिळतात, म्हणून तिथे 80 रुपये धरायलाच हवेत. असा हिशेब केला तर उरतात 120. एकाच गोठ्याची तीन उत्तरं झाली: 200, उणे 40 आणि 120. प्रबंधात यातलं कुठलं वापरलं आणि का, हे तुम्हाला लिहावंच लागेल. व्हायव्हाला नेमकं इथेच बोट ठेवतात. शिवाय पहाटेचा तास फुकट, असंही मी म्हणणार नाही. ती धार दहावीतली मुलगी काढत असेल तर तिचा अभ्यास बुडतो, त्याची किंमत कुठल्याच रकान्यात येत नाही.

हीच गडबड राष्ट्रीय आकडेवारीतही होऊ शकते. श्रमबळ सर्वेक्षणात प्रत्येक माणसाला त्याच्या कामाचा कोड मिळतो. घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणाऱ्याला 21. घरकाम सांभाळून जळण, जनावरांचा चारा असं गोळा करणाऱ्या बाईला 93, आणि 93 म्हणजे श्रमबळाच्या बाहेर. आमच्या वहिनींचा दिवसातला जास्त वेळ घरकामात जातो, म्हणून मुख्य स्थिती 93 लागेल. वर्षात किमान 30 दिवस केलेलं दुय्यम काम विचारलं तरच त्या 21 मध्ये येतात. तो दुसरा प्रश्न घाईत सुटला की बाई आकडेवारीतून गेली. 2019 मध्ये देशभर झालेल्या वेळ-वापर सर्वेक्षणाची रीत याहून बरी: पहाटे 4 ते दुसऱ्या पहाटे 4, अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद. तिथे ‘काम करता का’ असं विचारावंच लागत नाही, ‘सहाला काय करत होता’ एवढंच विचारायचं.

तरीही एक गोष्ट तासांत मावत नाही. गाय दर 21 दिवसांनी माजावर येते आणि माज टिकतो साधारण 12 ते 18 तास. सकाळी दिसला तर संध्याकाळी रेतन करायचं, हा नेहमीचा नियम. हुकला की पुढचे 21 दिवस पेंड-वैरण घालत बसा, तेवढंच पुढचं वेतही लांबतं. म्हशीचा माज तर उन्हाळ्यात बऱ्याचदा मुकाच असतो, ओरडत नाही की काही नाही. मालक शिफ्टला गेलेला असताना हे कळतं कुणाला? भाकरी थापताना जिचा कान गोठ्याकडे असतो तिला. तिच्या दिनक्रमात मी त्या वेळेला ‘स्वयंपाक’ लिहिलंय.

सर्व्हेचा महिना कुठला, यानेही फसगत होते. ‘मागच्या महिन्यात किती सुटले’ असं विचारलं आणि नेमकी एक गाय भाकड असली की धंदा बुडीत दिसणार. दोन्ही ताज्या व्यालेल्या असल्या तर सोन्याची खाण. त्यामुळे मी आता अख्ख्या वेताचा हिशेब विचारतो: कधी व्याली, कधी आटली, परत कधी गाभण राहिली. माणसांना गेल्या महिन्याचा खर्च आठवत नाही, पण गाय कधी व्याली ते सणावारासकट आठवतं.

फॉर्ममधला तो पहिला प्रश्न काढून टाकलाय. आता शिफ्टचं वेळापत्रक आणि स्लिपा शेजारी ठेवून कालचा दिवस विचारतो, आणि घरातल्या दोन माणसांना वेगवेगळं विचारतो. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही लिहून ठेवतो. याला वेळ दुप्पट लागतो. ठरवलेल्या 120 घरांचा आकडा कमी करावा लागणार, हे गाइडना अजून सांगायचंय.