स्टोव्ह पेटला, पुढे काय?

इंजिनिअरिंगच्या मुलांना नेतृत्व, अर्थशास्त्र आणि संवादकौशल्य शिकवायचं म्हटलं की वर्गात काय होतं? नेतृत्वाचे सात गुण फळ्यावर, मग गटचर्चा, मग मुलाखतीला टाय कसा बांधायचा. मुलं पेपर लिहितात आणि विसरतात. आम्हीही आधी तेच केलं, हे कबूल करायला हवं.

मग आम्ही एकच वस्तू घेऊन तिन्ही विषय शिकवायचं ठरवलं. वस्तू लांबून आणायची गरज नव्हती, ती फलटणमध्येच होती.

बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये इथे निंबकर कृषी संशोधन संस्था काढली, तीच आपली ‘नारी’. आयआयटी कानपूरला शिकलेले, फ्लोरिडातून पीएच.डी. केलेले डॉ. अनिल राजवंशी १९८१ मध्ये अमेरिका सोडून या संस्थेत आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. संस्थेत गोड ज्वारीवर काम झालं. या ज्वारीच्या कणसात दाणा, आणि ताटात उसासारखा गोड रस. रसापासून अल्कोहोल करता येतं, आणि अल्कोहोलवर चालणारा घरगुती स्टोव्हही तिथे तयार झाला. गंमत अशी, की त्यात वजनानं निम्मं पाणी असलेलं अल्कोहोल चालतं. फार शुद्ध करायचं तर ऊर्धपातनाला इंधन जास्त जळतं, शिवाय पाणी असलं की भडक्याचा धोका कमी.

इथपर्यंत मुलं खूश असतात. मग आम्ही हिशोब मांडायला लावतो. एक किलो रॉकेलमधून साधारण ४३ मेगाज्यूल उष्णता मिळते, शुद्ध अल्कोहोलमधून २७. निम्मं पाणी म्हटल्यावर १३ च्या आसपास, आणि पाण्याची वाफ करण्यात त्यातलीही थोडी जाते. म्हणजे एक किलो रॉकेलच्या जागी तीन किलोंहून जास्त हे इंधन. त्याचा भाव रॉकेलच्या एक तृतीयांशाहून कमी असला तरच गणित जमणार. आणि त्या काळी रॉकेल तर रेशनवर, सरकारी अनुदानात मिळायचं! पुस्तकातली ‘सबसिडी’ मुलांना इथे पहिल्यांदा टोचते.

कायदा वेगळाच. हे इंधन व्हिस्कीपेक्षा कडक, त्यामुळे उत्पादन शुल्क खातं आलंच. त्या खात्याला एक पानी अर्ज लिहा, म्हणून आम्ही सांगतो. चाळीस पानी प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिणारी मुलं या एका पानाला घाम गाळतात.

एकदा आमच्या एका विद्यार्थ्याला बायकांसमोर हा स्टोव्ह समजावून सांगायला उभं केलं. दहा मिनिटं तो ‘थर्मल एफिशियन्सी’वर बोलला. मग एका मावशींनी विचारलं, “आणि रात्री आमच्या घरातल्या माणसानं हे पिऊन टाकलं तर सकाळी चहा कशावर करू?”

सगळे हसले, मावशी हसल्या नाहीत. पोरगा गप्प झाला. पुढच्या आठवड्यात त्याच्या गटानं इंधनात कडू द्रव्य मिसळायचा उपाय आणला. त्यावर गटातल्याच एका मुलीनं हरकत घेतली: “तो कडूपणा हाताला लागेल, आणि त्याच हातानं भाकरी थापायची असते.” त्या दिवसापासून गट तीच चालवू लागली, आम्ही कुणीही तिला नेमलं नव्हतं.