हौद्याचा लायनर: काय खरं, काय ऐकीव

नवी पिकअप दारात आली की आठवड्याच्या आत तिच्या हौद्यात माल पडतो. कांद्याच्या गोण्या, सळ्या, सिमेंट, मासळीचे क्रेट. पहिल्या दोन-चार खेपांतच रंगाला ओरखडे उठतात आणि पहिल्या पावसाळ्यात त्या ओरखड्यांना तांबूस कड येते. मग कुणीतरी सांगतं, ‘स्प्रे लायनर मारून घ्या, जन्माची चिंता मिटेल.’ सल्ला चांगला आहे. मात्र त्याच्याबरोबर ज्या समजुती येतात त्या पैसे पाण्यात घालतात, म्हणून त्या एकदा नीट तपासून घ्यायला हव्यात.

आधी हे आहे काय ते बघू. स्प्रे लायनर म्हणजे जाड ऑइलपेंट नव्हे. आयसोसायनेट आणि रेझिन अशी दोन रसायनं तापवून मोठ्या दाबाने गनमध्ये आणतात. तिथे ती एकत्र होतात आणि पत्र्यावर पडल्यावर लगेच घट्ट होऊ लागतात. त्यातून पॉलियुरेथेन, पॉलियुरिया किंवा दोहोंच्या मिश्रणाचा रबरासारखा चिवट थर तयार होतो. अमेरिकेत पिकअप घरोघरी, त्यामुळे हा धंदाही तिथेच फोफावला. लाइन-एक्स ही त्यातली नावाजलेली कंपनी १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात निघाली.

सगळ्यांत जास्त नुकसान करणारी समजूत अशी, की गंजलेल्या हौद्यावर लायनर मारला की गंज जागच्या जागी थांबतो. तो थांबत नाही. पत्र्यावर जे काही असेल त्याला लायनर चिकटतो. सुटा गंज असेल तर गंजाला, ग्रीस असेल तर ग्रीसला. गंजाचा थर सच्छिद्र असतो, त्यात ओल आणि क्षार धरून राहतात. ओल्या भिंतीला रंग दिल्यावर जे होतं तेच इथे होतं: वरून सगळं छान आणि आतून काम चालूच. कोकणात बर्फ-मासळीची वाहतूक करणाऱ्या आणि देशावर खतं वाहणाऱ्या गाड्यांना हे फार भोवतं, कारण त्यांच्या पत्र्याच्या जोडांत मीठ किंवा खताचे क्षार मुरलेले असतात. ते धुऊन काढल्याशिवाय फवारलं, तर लायनरच गंज झाकून ठेवतो आणि पत्रा सडल्याचं मालकाला उशिरा कळतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. तुम्ही पैसे फवारणीचे देत नाही, तयारीचे देता. हौदा धुणं, तेलकटपणा काढणं, वायर ब्रशने आणि ग्राइंडरने गंज उतरवणं, चमक मरेपर्यंत रंग जाड पेपरने घासणं, उघड्या पत्र्याला प्रायमर देणं, कड्या-बोल्ट टेपने झाकणं यातच दिवसाचा मोठा भाग जातो. प्रत्यक्ष फवारणी त्यामानाने लवकर उरकते. ‘तासाभरात गाडी घेऊन जा’ म्हणणारा माणूस नेमकं काय वगळतोय हे ओळखायला मग वेळ लागत नाही.

आधीचं काम दाखवायला सांगा, पण मधल्या सपाट भागाकडे बघू नका. तिथे कुणाचंही काम देखणं दिसतं. फाळक्याच्या बिजागरीपाशी, कोपऱ्यातल्या जोडात, दोरी बांधायच्या कड्यांच्या बुडाशी आणि पाणी जाण्याच्या भोकांच्या काठावर नख लावून बघा. कड नखाने उचलली जात असेल, तर पाणी तिथूनच आत शिरणार. भोकं बुजवलेली असतील, तर पावसाचं पाणी हौद्यातच साचणार.

‘नवी गाडी आहे, घासायची काय गरज?’ गरज आहेच. कंपनीचा चकचकीत रंग न घासता त्यावर लायनर मारला, तर तो पुढे सालीसारखा निघतो. तो रंग खरवडून काढायचा मात्र नाही. गंजापासूनचं पहिलं संरक्षण तोच आहे, फक्त त्याची चमक मारायची. आणि गाडी नवी असतानाच, पहिल्या खेपेआधी हे काम करून घेणं सगळ्यांत शहाणपणाचं.

जाडीबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतो जितका जाड तितका टिकाऊ, दुसरा म्हणतो वजन वाढून माल कमी बसेल. हौदा नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि बाजू दीड फूट उंच धरल्या, तर २ मिलिमीटरच्या थराचं वजन साधारण १८ किलो भरतं आणि ३ मिलिमीटरच्या थराचं २७ किलोच्या आसपास. म्हणजे सिमेंटची जेमतेम अर्धी गोणी. वजनाची भीती सोडून द्या. पण ३ मिलिमीटरने पोचे पडायचे थांबतील हेही मनातून काढा. लायनर ओरखडे, ओल आणि घासण्यापासून वाचवतो. वरून दगड किंवा इंजिनचा ब्लॉक आदळला तर पत्रा वाकणारच. डबा-रोलरवाल्या घरगुती किटचा थर बराच पातळ बसतो. हलका माल असेल तर तो पुरे, रोजच्या सळ्यांना नाही.

पावसाळ्यात काम काढणार असाल तर थांबा. आयसोसायनेटचा पाण्याशी संयोग झाला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात बुडबुडे धरतात. पॉलियुरेथेनमध्ये हे जास्त होतं. पॉलियुरिया इतक्या झटपट घट्ट होतो की हवेतल्या दमटपणाचा त्याला कमी त्रास, तरी दव धरलेल्या पत्र्यावर तोही नीट चिकटत नाही. बंदिस्त, कोरडं वर्कशॉप नसेल तर दिवाळीनंतरचा काळ बरा.

उन्हाने काळा लायनर पांढुरका पडला म्हणजे तो संपला, असंही नाही. स्वस्त, ॲरोमॅटिक जातीच्या लायनरचा रंग उन्हात उतरतो, पण तो बहुधा वरच्यावर. चिवटपणा खाली शाबूत असतो. रंग टिकायलाच हवा असेल, तर महागडी ॲलिफॅटिक जात किंवा वरून ऊन सोसणारा कोट मागा.

खरखरीत पृष्ठभाग सगळ्यांनाच चांगला वाटतो, पण तो मालावर अवलंबून आहे. क्रेट आणि पेट्या जागेवर राहतात हे खरं. वाळू किंवा शेणखत फावड्याने ओढून काढणाऱ्याला मात्र तोच खरखरीतपणा दर खेपेला नडतो. त्याने बारीक दाण्याचा मागावा.

प्लास्टिकचा तयार लायनर किंवा वेल्डिंगने बसवलेली चेकर प्लेट स्वस्तात तेच काम करते, हा समज अर्धाच खरा. मार सोसायला प्लेट सरसच. पण दोन्हींच्या खाली पाणी आणि माती अडकते, प्लास्टिक थरथरून रंग घासतं आणि वेल्डिंगने आजूबाजूचा रंग जळतो. लायनर पत्र्याला सलग चिकटलेला असल्याने त्याच्याखाली अशी पोकळी राहत नाही.

जिवाशी खेळणारी एक सवय यातच सांगायला हवी. लायनर कोणताही असो, हौद्यात ठेवलेल्या कॅनमध्ये पेट्रोल भरू नका. खालचं प्लास्टिक विजेला वाट देत नाही, कॅनवर स्थिर विद्युत साठते आणि ठिणगीने आग लागते. अमेरिकेच्या निऑश या संस्थेने प्लास्टिक लायनरबाबत १९९८ मध्येच हा इशारा दिला होता. कॅन जमिनीवर उतरवूनच भरावा.

त्याच संस्थेने २००६ मध्ये दुसरा इशारा दिला, तो लायनर फवारणाऱ्यांसाठी. आयसोसायनेटच्या फवाऱ्याने दमा जडतो, माणूस दगावूही शकतो. नाकाला रुमाल बांधून फवारणाऱ्या पोराकडून काम करून घेऊ नका. बाहेरून हवा पुरवणारा मास्क, हातमोजे, अंगभर कपडे आणि हवा खेचणारी खोली हे तिथे असायलाच हवं. पक्का झालेला लायनर निर्धोक असतो, पण जाळला तर नाही. पुढे कधी हौद्याला वेल्डिंग करावं लागलं, तर वेल्डरला लायनर आहे हे आधी सांगा आणि तेवढ्या जागेचा थर पात्याने खरवडून काढल्याशिवाय त्याला काम सुरू करू देऊ नका.