त्रिज्येचा चौथा घात

घोरणं हे मोठ्या माणसांचं काम, असं आपण धरून चालतो. त्यामुळे चार वर्षांचं पोर घोरायला लागलं की घरात आधी हसू येतं. ‘आजोबांवर गेलाय’, ‘दिवसभर खेळून दमलाय, गाढ झोपलाय’. प्रत्यक्षात त्या पोराची झोप गाढ नसण्याचीच शक्यता जास्त.

आपल्या श्वासनळीला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो, म्हणून ती दबत नाही. पण नाकामागून स्वरयंत्रापर्यंतचा घसा निव्वळ मांसल. गिळायचं आणि बोलायचं म्हणजे तो लवचिकच हवा. दिवसा स्नायू त्याला ताणून उघडा ठेवतात. झोपेत ते सैलावतात. दोन ते आठ या वयात त्याच अरुंद वाटेत दोन पाहुणे ठाण मांडून बसलेले असतात. एक टॉन्सिल, जे ‘आ’ केला की दिसतात, आणि दुसरे नाकाच्या मागे दडलेले ॲडेनॉइड, जे तोंड कितीही उघडलं तरी दिसत नाहीत. घशाच्या मानाने दोन्ही याच वयात सर्वांत मोठे असतात.

आता गणित बघा. प्वाझेय नावाच्या फ्रेंच डॉक्टराने 1840च्या सुमारास बारीक नळ्यांतून द्रव सोडून एक नियम काढला, आणि संथ वाहणाऱ्या हवेलाही तो लागू पडतो. त्रिज्या घटली की नळीतला अडथळा तिच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. त्रिज्या पाव भाग घटली की अडथळा तिपटीहून जास्त, आणि निम्मी झाली की सोळा पट! टॉन्सिल मिलीमीटरभर सुजण्याने मोठ्या माणसाला फारसा फरक पडत नाही. लहानग्याचा घसा मुळातच इतका बारीक की तोच मिलीमीटर महागात पडतो. मग मूल जोर लावून हवा ओढतं, आणि भिजलेल्या कागदी नळीने रस ओढावा तशी ती वाट आतल्या आत चिकटते. छाती हलत राहते, हवा मात्र जात नाही.

इथे मेंदू मध्ये पडतो. रक्तातला ऑक्सिजन उतरला, कार्बन डायऑक्साइड चढला की तो झोपेला एक धक्का देतो. स्नायू ताठ होतात, मोठा फुर्र आवाज होतो, मूल कूस बदलतं आणि श्वास सुरू होतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. यालाच अडथळ्याचा स्लीप ॲप्निया म्हणतात, आणि शंभरातल्या एक ते पाच मुलांना तो असतो. मोठ्यांमध्ये श्वास निदान दहा सेकंद थांबला तर मोजतात. मुलांमध्ये दोन श्वासांचा खंडही पुरतो. मोठ्यांना तासाला पाचपेक्षा कमी वेळा असं झालं तर चालतं, मुलांमध्ये एकदा झालं तरी ते नेहमीचं धरत नाहीत.

याचे परिणाम फार दूरदूर उमटतात. मोठा माणूस दिवसा पेंगतो. मूल मात्र उलट चिडतं, उड्या मारतं, एका जागी बसत नाही, आणि शाळेतून ‘लक्ष नसतं’ अशी तक्रार येते. सगळ्यात नवल मला वाटतं ते अंथरूण ओलं होण्याचं. बंद घशाविरुद्ध हवा ओढताना छातीत ओढ निर्माण होते, तिने हृदयाचा वरचा कप्पा ताणला जातो, आणि हृदयाची समजूत होते की अंगात पाणी जास्त झालंय. ते एक संप्रेरक सोडतं, मूत्रपिंड कामाला लागतं. अडथळा घशात, आणि ओली होते गादी! त्यापायी किती पोरांनी मार खाल्ला असेल कोण जाणे.

अमेरिकेत डेव्हिड गोझाल यांनी 1998 साली पहिलीतली, वर्गात सर्वांत मागे असलेली 297 मुलं तपासली. त्यातल्या 18 टक्क्यांना झोपेत श्वासाचा त्रास निघाला. ज्यांची टॉन्सिल-ॲडेनॉइड काढली त्यांचे गुण पुढच्या वर्षी वाढले. ज्यांच्या पालकांनी नको म्हटलं त्यांचे होते तिथेच राहिले. गंमत म्हणजे विल्यम ऑस्लर यांनी 1892च्या पाठ्यपुस्तकात अशा घोरणाऱ्या, मध्येच श्वास थांबणाऱ्या मुलाचं नेमकं वर्णन करून ठेवलं होतं. तरी स्टॅनफर्डच्या क्रिस्तियां गिलेमिनो यांनी अशा आठ मुलांची नीट नोंद करेपर्यंत 1976 उजाडलं.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडे पाहिलं की या गोष्टीला आणखी एक धागा जोडला जातो. वैनगंगेच्या काठचा, एकेकाळी नागपूर विभागात असलेला हा जिल्हा. बैहरकडच्या जंगलपट्ट्यात मलेरियाचं वर्चस्व फार जुनं, आणि जिथे मलेरिया तिथे सिकलसेलचं जनुक टिकून राहतं, कारण त्याची एक प्रत अंगात असली तर जीवघेण्या मलेरियापासून बचाव होतो. दोन प्रती आल्या की मात्र आजार. विदर्भापासून बालाघाटपर्यंत गोंडांसह अनेक समाजांमध्ये तो आहे. या आजारात ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. म्हणजे इतर मुलांना जी ऑक्सिजनची घसरण नुसती थकवते, ती या मुलांना वेदनेच्या झटक्याकडेही नेऊ शकते. सिकलसेलच्या 243 मुलांच्या एका परदेशी अभ्यासात 41 टक्क्यांना तासाला एक किंवा अधिक अडथळे आढळले. त्यांची प्लीहा लवकर निकामी होते, म्हणून तिचं काम अंगावर घेत टॉन्सिल वाढत असावेत, असा एक अंदाज आहे. सिकलसेलचं पोर घोरत असेल तर ते पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगायलाच हवं.

ओळखायचं कसं? दवाखान्यात दिवसा मूल टुणटुणीत असतं, तिथे काही दिसत नाही. रात्री सदरा काढून, छाती-पोट दिसेल असा चार-पाच मिनिटांचा व्हिडिओ मोबाईलवर घ्या. फासळ्यांखालची जागा आत ओढली जाते का, पोट वर येताना छाती खाली जाते का, मान मागे टाकून तोंड उघडं ठेवून झोपतं का, उशी घामाने भिजते का. आठवड्यातल्या तीनेक रात्री तरी हे होत असेल, सर्दी नसतानाही, तर कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जावं. कोरोनात घरोघर आलेलं, ऑक्सिजन मोजणारं बोटाचं यंत्र दोन मिनिटं लावून काही कळत नाही. रात्रभर नोंद ठेवणारं यंत्र उपयोगी, पण ते नॉर्मल आलं म्हणून ॲप्निया नाही असंही नाही. खात्रीची तपासणी म्हणजे रात्रभराचा स्लीप स्टडी, आणि त्यासाठी बालाघाटच्या माणसाला बहुधा गोंदियाची गाडी धरून पुढे नागपूर गाठावं लागतं.

सौम्य त्रासात नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा काही आठवडे देऊन पाहतात. त्रास जास्त असेल तर टॉन्सिल-ॲडेनॉइडचं ऑपरेशन. 2013च्या एका मोठ्या चाचणीत पाच ते नऊ वर्षांच्या 464 मुलांची तुलना केली: ऑपरेशन झालेल्यांपैकी 79 टक्क्यांची झोप सात महिन्यांत सुधारून नॉर्मल झाली. पण नुसती वाट पाहिलेल्यांपैकी 46 टक्क्यांचीही! लक्ष देण्याच्या परीक्षेत दोन्ही गटांत फारसा फरक निघाला नाही. वागणूक आणि लक्षणं मात्र ऑपरेशनवाल्यांची जास्त सुधारली. त्यामुळे घोरतंय म्हणून सरसकट कापाकापी नको, आणि ‘मोठं झालं की जाईल’ म्हणून सगळ्यांना सोडूनही देता येत नाही.

सिकलसेलच्या मुलाला भूल देण्यापूर्वी अनेकदा रक्त देतात, अंगात पाणी आणि ऊब राखतात. म्हणून ते ऑपरेशन रक्ताची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच व्हावं. तीन वर्षांखालच्या किंवा तीव्र त्रास असलेल्या मुलाला त्या रात्री देखरेखीखाली ठेवतात. दुखण्यावर कोडीन मात्र द्यायचं नाही: काही मुलांच्या शरीरात त्याचं झपाट्याने मॉर्फीन होतं आणि श्वास मंदावतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2013 साली तसा कडक इशारा दिला. काही आठवड्यांनी पुन्हा व्हिडिओ घ्यावा. वजन जास्त असलेल्या, डाउन सिंड्रोम किंवा सिकलसेल असलेल्या मुलांमध्ये त्रास उरण्याची शक्यता असते, त्यांचा स्लीप स्टडी पुन्हा करतात. गरज पडलीच तर हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणाऱ्या सीपॅप यंत्राचा लहान चेहऱ्याच्या मापाचा मास्क मिळतो.