पणजीच्या सभागृहातला दीवचा आमदार

फॉकलंडच्या आठ सदस्यांच्या सभागृहावरचा लेख वाचून इंदापूरच्या एका वाचकाने प्रश्न टाकला, की बेटावरून निवडून आलेला आमदार समुद्र ओलांडून सभागृहात बसतो, असे आपल्याकडे कधी झाले का? प्रश्न सोडवत नाही.

झाले. चांगली तेवीस-चोवीस वर्षे चालले.

गोवा, दमण आणि दीव या केंद्रशासित प्रदेशाची पहिली निवडणूक डिसेंबर 1963 मध्ये झाली. सभागृह तीस जणांचे: गोव्याचे 28, दमणचा एक, दीवचा एक. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला 14 जागा मिळाल्या, युनायटेड गोवन्सना 12. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले, जॅक सिक्वेरा विरोधी पक्षनेते. बहुमताला हवे होते सोळा. इतक्या काठावरच्या सभागृहात एकेका सदस्याला वजन येते, मग तो कुठल्या का टोकाचा असेना.

आणि दीव टोकाचाच. सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्याला चिकटलेले, मध्ये फक्त खाडी असलेले बेट. तिथून पणजी गाठायची तर खंबातचे आखात आणि महाराष्ट्राची सबंध किनारपट्टी ओलांडायची. इंदापूरकर आमदाराला पुणे मागे टाकले की मुंबई. याला मधले एक अख्खे राज्य मागे टाकावे लागे. घरची भाषा गुजराती, आणि सभागृहात वाद पेटलेला मराठी-कोकणीचा.

ही मोट पोर्तुगीजांनी बांधलेली, पण ती नुसती कागदावरची नव्हती. 1835 मध्ये नेवऱ्याचे बेर्नार्दो पेरिस द सिल्वा हे गोव्याचे प्रीफेक्ट, म्हणजे प्रमुख कारभारी झाले. लिस्बनच्या संसदेत गोव्याकडून 1822 मध्ये निवडले गेलेल्या पहिल्या प्रतिनिधींपैकी ते एक. या भूमिपुत्राला पणजीत तीन आठवडेही टिकू दिले नाही. दमण आणि दीव मात्र त्यांना मानत राहिले आणि 1837 पर्यंत त्यांचा अंमल तेवढ्यापुरता चालला. गोव्याने हाकललेल्या गोवेकराला आसरा दिला तो या दोन ठाण्यांनी! या प्रसंगावर अजून कुणी बरे नाटक लिहिलेले नाही, याचे नवल वाटते.

जानेवारी 1967 च्या जनमत कौलात गोव्याला विचारले होते: महाराष्ट्रात जाणार की केंद्रशासित राहणार? दमण-दीवला विचारले, गुजरातेत जाणार का? गोव्यातली लढत 34 हजार मतांच्या फरकाने सुटली. दमण-दीवने गुजरातला मोठ्या बहुमताने नकार दिला. लगेच पुढच्या महिन्यात इकडे बारामतीतून शरद पवार पहिल्यांदा विधानसभेवर निवडून आले. त्या गडबडीत दमण-दीवच्या या कौलाकडे आपल्या भागात फारसे कुणाचे लक्ष गेले असेल असे वाटत नाही.

गोव्यासोबत राहू म्हणणाऱ्यांना गोव्यानेच सोडले ते 30 मे 1987 रोजी. गोवा घटकराज्य झाला, पुढे त्याची विधानसभा चाळीस जणांची झाली. दमण-दीव वेगळा केंद्रशासित प्रदेश झाला आणि त्यांच्या दोन जागा गेल्या. बदल्यात लोकसभेची एक जागा आली, पण विधानसभा नाही. 2020 मध्ये दादरा-नगर हवेली त्याला जोडली, तरी विधानसभा नाहीच.

लोकसंख्या कमी म्हणून हे झाले, असे कुणी म्हणेल. 2011 मध्ये दीवची वस्ती सुमारे 52 हजार होती. बारामती तालुक्याची चार लाखांवर. पण फॉकलंडची साडेतीन हजारांच्या आसपास आहे, आणि तिथे आठ जण निवडून येतात. आपल्याच देशात पुदुच्चेरी पाहा. केरळच्या किनाऱ्यावरचे माहे आणि आंध्रातले यानम दूर असूनही आपापला एक आमदार आजही पुदुच्चेरीच्या विधानसभेत पाठवतात. तेव्हा अडचण अंतराची नव्हती, संख्येचीही नव्हती. गोव्याला राज्य देताना या दोघांचे काय, हा प्रश्न कुणी नेटाने धरला नाही, एवढेच.

दीवच्या माणसाला वरच्या कोर्टात दाद मागायची तर आजही मुंबई उच्च न्यायालय आहे. आमदार मात्र कुठल्याच सभागृहात नाही.